पेल्याचं तिकीट

जळगाव-धुळे एस.टी.त पाण्याच्या पेल्याचं तिकीट काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. अर्धं तिकीट नव्हे, पूर्ण. गाडी स्टँडातून निघून हायवेला लागली की कंडक्टर टिकटिक करत यायचा आणि भागवतनाना दोन बोटं वर करायचे. दुसरं कोण, असं विचारलं की शेजारच्या जागेवर ठेवलेल्या स्टीलच्या पेल्याकडे बोट जायचं. पेल्यात पाणी, वरून दोन बोटं रिकामं. एकदा एका नव्या कंडक्टरने पेल्याला वय विचारलं. नानांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, युरोपच्या आत असं विचारत नाहीत."

'युरोपच्या आत' हा नानांचा शब्द. नुसतं 'युरोपात' म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण नाना हिशेबाला चोख. मुंबईहून फ्रँकफर्टपर्यंत ते साध्या वर्गात, शेवटून दुसऱ्या रांगेत, संडासाच्या वासाला धरून गेले होते. ते त्यांनी कधी लपवलं नाही. बिझनेस क्लास लागला तो पुढे, फ्रँकफर्ट ते मिलान. एक तास दहा मिनिटं. येतानाचं विमान बर्फामुळे रद्द झालं आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानात मिळेल त्या जागेवर बसवून दिलं, म्हणजे तोही हिशेब संपला. एकूण सत्तर मिनिटं. या सत्तर मिनिटांवर नानांनी पुढची आठ वर्षं काढली, आणि त्यांच्याबरोबर आमच्या सगळ्या गल्लीने.

हे पाप मुळात माझं. नाना जळगावातल्या एका डाळमिलमध्ये फिटर. शेठना इटलीहून एक यंत्र आणायचं होतं. डाळीतला काळा दाणा ओळखायचा आणि फुंकर मारून बाहेर उडवायचा, असं ते यंत्र. आधी कोणीतरी जाऊन ते चालवून बघायला हवं होतं. शेठ विमानाला भीत. ते म्हणाले, भागवत जाईल, त्याला यंत्राची नाडी कळते. पत्र इंग्रजीत लिहायचं म्हणून मला बोलावलं, कारण मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो आणि फुकट लिहून द्यायचो. मी 'फिटर' लिहिलं. शेठना ते हलकं वाटलं. आमच्या जिल्ह्यात ज्याच्या हातात पाना तो इंजिनीअर, मग परदेशात जायचं तर त्याच्याही वरचं काहीतरी हवं. मी खोडून 'टेक्निकल डायरेक्टर' असं लिहून दिलं. महिनाभराने इटलीच्या कंपनीचं पत्र आलं, की डायरेक्टरसाहेबांचा युरोपच्या आतला सगळा प्रवास आणि मुक्काम आमच्याकडे, त्यांच्या हुद्द्याला साजेसा.

डायरेक्टरसाहेब माझ्या लग्नातला कोट घालून गेले. तो त्यांना बाह्यांत आखूड होता. सोबत कळण्याच्या भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा आणि स्वतःचा पाना. पाना विमानतळावर काढून घेतला, याचं दुःख त्यांना अजून आहे.

फ्रँकफर्टला चार तास थांबायचं होतं. तिकिटाचा रंग बघून एका बाईने त्यांना एका दालनात नेऊन बसवलं. खुर्च्या अशा मऊ की बसलं की गुडघे छातीशी येतात. भिंतीशी टेबलावर फळं, पाव, पाच-सहा तऱ्हेचं चीज, बाटल्या. त्याला लाउंज म्हणतात. नानांनी तीन तास कशाला हात लावला नाही, कारण भाव कुठेच लिहिलेला नव्हता. शेवटी एका म्हाताऱ्या गोऱ्याने काहीही न देता दोन केळी उचलली आणि कोणी त्याला पकडलं नाही, तेव्हा यांना उलगडा झाला. पुढच्या तासात नानांनी मागच्या तीन तासांचं भरून काढलं. केळ्याबद्दल मात्र त्यांचं मत वाईट झालं. "सर, पिवळं होतं, वाकडंही होतं. पण ते केळं नव्हे," असं ते मला सांगत. केळीच्या बागांत वाढलेल्या रावेरकडच्या माणसाकडून याहून नरम शब्दांची अपेक्षाही नव्हती.

आणि प्रत्यक्ष बिझनेस क्लास? मी मोठ्या उत्सुकतेने विचारलं होतं. पलंग असतो का, पंखा वेगळा का. नाना म्हणाले, सीट तीच. मागच्या लोकांची जेवढी, तेवढीच रुंद. विमान तेच, पोहोचतं एकाच वेळी. फरक दोन. एक पडदा. तुमच्या आणि मागच्यांच्या मधे एक पडदा ओढतात, म्हणजे मागच्यांना तुम्ही काय खाता ते दिसत नाही. आणि दुसरं म्हणजे, तीन जागांपैकी मधल्या जागेवर कोणाला बसवत नाहीत. ती रिकामी ठेवतात आणि तिचे पैसे तुमच्याकडून घेतात.

मी म्हणालो, म्हणजे दुप्पट पैसे भरून शेजारी माणूस नको, एवढंच. नाना म्हणाले, तसंही म्हणता येईल. हे वाक्य मी पुढे स्टाफरूममध्ये बरंच खपवलं.

मिलानच्या विमानतळावरच्या हॉटेलची गोष्ट तर गल्लीतल्या लहान मुलांनाही पाठ होती. बर्फ पडलं म्हणून कंपनीने एक रात्र तिथे ठेवलं. खोलीला किल्ली नव्हती, पत्त्यासारखं एक कार्ड होतं. आंघोळीला आडवा हौद, ज्यात माणसाने झोपायचं. नानांनी त्याच्या काठावर बसून तांब्याऐवजी दात घासायच्या ग्लासाने आंघोळ केली. आणि संडासात भिंतीला फोन. यावर ऐकणारा हसला की नाना थांबायचे. हसणं संपलं की म्हणायचे, "फोन होता. पण हिच्याकडे नव्हता ना." आणि गोष्ट पुढे साबणाच्या वड्यांवर जायची.

ही म्हणजे अक्का, नानांची बायको. माहेर सोनगीरचं, नंतर भाऊ धुळ्याला येऊन राहिला. नाना ओट्यावर युरोप सांगायला लागले की अक्का आतून पोळ्या लाटता लाटता अहिराणीत विचारायची, "सत्तर मिनिटमा इतलं?" एवढ्या एका वाक्यात विमान खाली उतरायचं.

परत आल्यावर नाना सुधारले, म्हणजे आम्ही बिघडलो असं त्यांना वाटू लागलं. घरी कोणी गेलं की आधी चहा नाही. पातेल्यातून सांडशीने उचललेला वाफाळता ओला नॅपकिन हातावर यायचा. पोस्टमनने एकदा त्या नॅपकिनने खुर्ची पुसली. पंगतीत पान वाढून झालं की नाना खिशातून मिठाची कागदी पुडी काढायचे, विमानातली, आणि डाव्या बाजूला वाढलेल्या मिठाकडे बघायचेही नाहीत. पुड्या संपल्यावर घरीच कागदाच्या बांधायला लागले. मिलमध्ये आपल्या बाकड्यापुढे बारदानाचा पडदा लावला. शेठ म्हणाले, भागवत, हे काय. नाना म्हणाले, पलीकडे मागचे लोक आहेत. पलीकडे शेठची गादी होती.

एस.टी. स्टँडात तर त्यांनी लाउंजच काढलं. गाडी दहाची असली तरी हे आठला हजर. कंट्रोलरच्या खिडकीच्या मागे एक तुटकं बाक, त्यावर पंचा अंथरायचा, थर्मास ठेवायचा, दोन केळी मांडायची. ओळखीचं कोणी दिसलं की केळं पुढे करून म्हणायचे, घ्या, लाउंजमध्ये पैसे नसतात. त्यांनी कंट्रोलरला सांगूनही पाहिलं की गाड्या लागल्याचं ओरडून सांगू नका, युरोपच्या आत प्रवासी आपलं आपण बघतात. त्या दिवशी कंट्रोलरने दोंडाईच्याची गाडी नेहमीपेक्षा मोठ्याने पुकारली.

चार वर्षांपूर्वी अक्काला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, तोंड जरासं वाकडं झालं, बोलणं जड झालं. ज्या बाईला जळगावहून कुठल्या गावाला कितीची गाडी लागते हे तोंडपाठ होतं, ती मागच्या खोलीतली खाट सोडेना. लोक भेटायला गेले तर पदर तोंडावर ओढून घ्यायची. पुढे लोक जायचे थांबले. मीही थांबलो. दोन घरं सोडून राहत होतो, तरी थांबलो.

आम्हाला वाटलं, आता तरी नानांचं विमान जमिनीवर येईल. पण याच काळात त्यांनी पेल्याचं तिकीट काढायला सुरुवात केली. दीड-दोन महिन्यांनी एकदा रविवारी धुळ्याला जायचे, तिथे स्टँडावर चहा घ्यायचे आणि उलट गाडीने परत. तेवढ्या वेळापुरतं अक्काजवळ बसायला ते माझ्या बायकोला सांगत. ती बसायची. मी मात्र नाक्यावर त्यांची नक्कल करायचो: मांडी घालून बसलेले नाना, शेजारी पेला, डोळे पेल्यावर. घरी बायको अंथरुणाला खिळलेली आणि हा मनुष्य ऐसपैस बसण्यासाठी दोन भाडी भरतो, असं मी चारचौघांत बोललो. लोक हसले. मलाही माझं बोलणं आवडलं होतं.

या फेब्रुवारीत अक्काच्या भाचीचं लग्न निघालं. सुरेखा, धुळ्याच्या भावाची मुलगी. नाना-अक्काला मूल नव्हतं. ही पोर पाचवीपासून अकरावीपर्यंत त्यांच्याकडेच शिकली, अक्काच्या कुशीत झोपली. तिने निरोप धाडला की आत्या आली नाही तर मी हळद लावून घेणार नाही. इकडे अक्काने भिंतीकडे तोंड फिरवलं. शेठ आपली मोटार द्यायला तयार होते. पण बंद मोटारीत अक्काला पहिल्यापासून ओकारी येते, पाळधीच्या पुढे कधी टिकली नाही. एस.टी. चालते, पण एस.टी.त माणसं. डाव्या अंगाला तोल नाही, गाडी हलली की ती शेजारच्याच्या अंगावर कोसळणार. माझ्या बायकोने समजावून पाहिलं. अक्का कसंबसं म्हणाली, "बठ्ठा लोके देखतीन. मी कोना आंगवर पडसू." आणि पदर ओढून घेतला.

त्या संध्याकाळी नाना माझ्याकडे आले. हातात शाळेची दोनशे पानी वही. म्हणाले, सर, परवा सकाळी धुळ्याच्या गाडीत हिला उचलून ठेवायला एक माणूस लागेल, तुम्ही येणारच आहात लग्नाला. मी म्हणालो, पण त्या तयार कुठे आहेत? नानांनी वही उघडून माझ्यापुढे ठेवली.

वहीत चार वर्षांचे रविवार होते. गाडी किती वाजताची, ड्रायव्हर कोण, रांग कितवी, खिडकीची की मधली, आणि पुढे पाणी किती सांडलं. एक बोट. दीड बोट. अर्धा पेला, मागच्या चाकावरची रांग, बाद. एरंडोलच्या अलीकडचा पूल, वेग कमी असला तर काही नाही. पारोळ्यापुढे दोन ठिकाणी खड्डे, डाव्या बाजूला जास्त. मिलमध्ये नवं यंत्र बसवलं की फिटर त्याच्यावर पाण्याचा पेला ठेवतो आणि पाण्याकडे बघून यंत्र कुठे थरथरतं ते ओळखतो, हे मी स्वतः कितीदा पाहिलं होतं. एस.टी.तला पेला पाहून मला ते एकदाही आठवलं नाही. नक्कल करण्यात मी गुंतलो होतो.

"दहाची गाडी, उजवीकडची चौथी रांग," नाना म्हणाले. "पाव बोटाच्या वर सांडत नाही. हिला खिडकीला बसवायचं, मधली जागा रिकामी, कडेला मी. मग पडली तर कोणाच्या अंगावर पडणार? मागून पडदा लावतो. पाहणार कोण?"

चार वर्षं यासाठीच जात होतात का, एवढंच मी विचारलं. नानांनी वही मिटली. मग म्हणाले, "सर, त्या विमानात मधली जागा रिकामी होती. तिचे पैसे भरलेले होते. मी सत्तर मिनिटं तिच्याकडेच पाहून राहिलो. ही सोबत असती तर बसली असती की. बाईने दोन वेळा विचारलं, काही हवंय का. काय सांगणार?"

आठ वर्षांत युरोपची ही एकच गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. मला माझी लाज वाटली, आणि ती सरळ तशीच सांगून टाकतो.

अक्काला नानांनी कसं मनवलं ते मला माहीत नाही. माझी बायको म्हणाली की त्यांनी रात्री ती वही पहिल्या पानापासून अक्काला वाचून दाखवली. ठरल्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही लाउंजमध्ये होतो. मिलमधल्या लाकडी खुर्चीवर अक्का, डोक्यापासून हनुवटीपर्यंत पदर, हातावर गरम नॅपकिन. दोन केळी मांडलेली. गाडी लागली आणि लग्नसराईची गर्दी दाराशी तुटून पडली. एका हाताने खुर्ची धरून मी मनात म्हटलं, आता संपलं. तेवढ्यात कंडक्टर दारात आडवा उभा राहिला. पेल्याला वय विचारणारा तोच. त्याने नानांकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि गर्दीला म्हणाला, "थांबा जरा. आधी बिझनेस क्लास."

कोणी हसलं नाही. आम्ही दोघांनी खुर्ची आत नेली. उजवीकडची चौथी रांग, खिडकीला अक्का. नानांनी मागच्या दांड्यावर तिची जुनी हिरवी नऊवारी बांधली, पडदा झाला. मधल्या जागेवर पेला, वरून दोन बोटं रिकामा. कडेला नाना. या खटपटीत मला जागा उरलीच नाही. मी दांडा धरून त्यांच्याजवळ उभा राहिलो आणि एका कापसाच्या व्यापाऱ्याचा डबा माझ्या पोटात रुतत राहिला. कंडक्टरने नानांना काही विचारलं नाही. तीन तिकिटं फाडून दिली.

पाळधी गेलं. नाना पेल्याकडे बघत होते, मी नानांकडे. एरंडोलच्या अलीकडे पूल आला, पाणी कणभर हललं. नानांनी मान डोलावली, यंत्र पास झाल्यासारखी. अक्का मात्र उजव्या हाताने खिडकीची सळई घट्ट धरून होती, बोटं पांढरी पडलेली. गाडी वळली की तिचं डावं अंग रिकाम्या जागेकडे कलायचं आणि ती सगळा जोर लावून परत सरळ व्हायची. तिथे पडायला कोणी नव्हतं, पण धरायलाही कोणी नव्हतं. चार वर्षांच्या वहीत हे कुठे आलं नव्हतं.

एरंडोल सुटल्यावर अक्काने पदर बाजूला केला. तिचा चेहरा मी चार वर्षांनी पाहत होतो. तिने पेल्याकडे पाहिलं, मग नानांकडे, आणि सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "ही जागा रिकामी कसाले ठेवतस? आठे बठा."

नाना गडबडले. बिझनेस क्लासमध्ये मधली जागा रिकामी ठेवतात, असं काहीसं पुटपुटले. अक्काने ऐकून घेतलं. "आठे बठा," मधल्या जागेकडे मानेने खूण करत तिने पुन्हा सांगितलं.

नानांनी पेला उचलला. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो माझ्या हातात दिला, मधल्या जागेवर सरकले आणि कडेच्या जागेवर हात थोपटून म्हणाले, "बसा सर. भरलेलं आहे."

मी बसलो. पेला दोन्ही हातांत धरून, पाणी हलू न देता. मुलांना बावीस वर्षं इंग्रजी शिकवली, पण इतक्या जबाबदारीचं काम माझ्याकडे कधी आलं नव्हतं. पारोळ्याच्या पुढे ते वहीतले खड्डे आले. ड्रायव्हरने वेग कमी केला नाही. गाडी आदळली आणि अर्धा पेला माझ्या मांडीवर आला. मी घाईने नानांकडे वळलो, किती बोटं ते सांगायला.

नाना पेल्याकडे बघत नव्हते. अक्काने खिडकीची सळई सोडली होती. तिचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं आणि ते हलायचं नाही असं ठरवून ताठ बसले होते.

धुळं येईपर्यंत माझी विजार ओलीच होती.